साडूच्या सायकलीचा चिमटा: अकोल्याहून पारशिवनीपर्यंत

सायकलीच्या पुढच्या चाकाला दोन्हीकडून धरून ठेवणारे जे दोन लोखंडी पाय असतात, त्यांना आमच्याकडे चिमटा म्हणतात. रस्त्याचा प्रत्येक धक्का आधी त्याला बसतो आणि मग तुमच्या मनगटांना. एवढ्याशा वस्तूसाठी कोणी अकोल्याहून पारशिवनीला जाईल का? मी गेलो, आणि तेही सासुरवाडीच्या गावात लॉजवर लपून राहून. ऐंशी सालाच्या अलीकडची-पलीकडची थंडी होती. विदर्भात सायकल घेऊन हिंडायची हौस असलेल्या वाचकांना वाट उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे. माझं वागणं मात्र कोणी गिरवू नये.

सुरुवात निमाने केली. निमा म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर पुन्हा एकदा माहेरी नागपूरला जाऊन आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "बाबा यंदा वसंतरावांसंग रामटेक करून आले. सायकलनं! गडाचा चढसुद्धा नाही सोडला."

वसंतराव हे माझे साडू, निमाच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते नागपुरातच राहतात. मी हातातला पेपर वाचत असल्यासारखं दाखवलं, पण अंगाचा तिळपापड झाला होता. रामटेक माझं होतं. माझी बदली अकोल्याला होईपर्यंत दर रविवारी कन्हानच्या पुलापर्यंत आणि वर्षातून एकदा रामटेकला, मामाजींच्या बाजूने सायकल चालवायची ती मी. मामाजी म्हणजे माझे सासरे, पोस्टातून निवृत्त झालेले, काटक, बोलायला तिखट. माझे वडील मी लहान असतानाच गेले. एवढा मोठा माणूस आपल्या वेगाने आपल्या शेजारून चालतो म्हणजे काय वाटतं, हे मला लग्नानंतरच कळलं. आम्ही पुलाशी थांबायचो, मामाजी संत्रं सोलायचे आणि अर्धं मोजून मला द्यायचे. त्या अर्ध्या संत्र्यासाठी मी वीस मैल पाय मारले असते.

आता ते संत्रं कोण खातं आहे ते कळलं.

वसंतरावांची ती नवी हिरवी सायकल मी दिवाळीतच पाहिली होती. दुकानातली नव्हती, कोणीतरी हाताने बांधलेली होती. चिमटा दुहेरी, जाड, आणि खाली येता येता पुढे असा काही वळलेला की पाहतच राहावं. मागचं कॅरिअर इतकं रुंद की मी मनात म्हटलं, हे काय गडावर संत्र्याची पेटी चढवणार आहेत? "कुठं बनवली?" असं विचारलं तर वसंतराव हसून म्हणाले, "आहे एक मिस्त्री, भाऊजी." नाव सांगेनात. तेव्हा सगळे फराळाला बसल्यावर मी अंगणात गेलो, चिमट्यामागे वर्तमानपत्र धरलं आणि पेन्सिलने त्याचा आकार गिरवून घेतला. हो, घेतला. दुसऱ्याच्या ताटातला लाडू मोठा दिसतो म्हणतात. मी तर ताटासकट मोजून आणला होता.

निमाला सांगितलं, ऑफिसच्या कामाने नागपूरला जातो. ती म्हणाली, "सायकल घेऊन?" मी म्हटलं, "तिथं हिंडायला बरी पडते." तिने डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. सायकल लगेजच्या डब्यात टाकता येत असे, पावती घ्यायची आणि हमालाच्या हातावर चहापुरते पैसे ठेवायचे. बडनेऱ्याला आलूबोंडे, वर्ध्याला चहा. गाडी प्रत्येक ठेशनावर विसावा घेत नागपूरला पोचली तेव्हा दुपार कलली होती. स्टेशनसमोरच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. खोली कसली, खाट आणि एक खिडकी. रजिस्टरात मी 'अविनाश' एवढंच लिहिलं, तेव्हा मॅनेजरने सहज विचारलं, "नागपूरले कोणी नाही काय तुमचं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

सासुरवाडी टांग्याच्या अंतरावर असताना जावयाने लॉजवर उतरणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना समजावून सांगायला नको. कोणी पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत निम्म्या गावात माझा घटस्फोट झाला असता. म्हणून मफलर नाकापर्यंत ओढून सीताबर्डीकडे निघालो. सायकलवाल्यांच्या दुकानांतून वर्तमानपत्राची घडी उलगडत फिरलो. एकाने तयार चिमटे दाखवले, दुसऱ्याने दूधवाल्यांच्या सायकलीला लागतो तो दुहेरी चिमटा आणून ठेवला. तोही जाड होता, पण वळण नव्हतं. इतवारीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "हा त नथ्थूजीचा हात हाय. पण तो इथं नाही आता. भावाभावात वाजलं, मंग पारशिवनीले सासऱ्याच्या वावराजवळ जाऊन बसला. जा, पण सांभाळून. लई फुशारकी मारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, खाल्ले. नागपुरात याल तर पोहे बिनतर्रीचे मागून स्वतःचा अपमान करून घेऊ नका. मग एस.टी.च्या टपावर सायकल दोरीने बांधून पारशिवनीची लाल गाडी धरली. कामठी, कन्हानचा पूल, आमडी फाटा आणि तिथून आत. पुलावरून जाताना मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. फाट्यानंतर रस्ता खराब होता, पण दोन्हीकडे तूर उभी होती आणि शेंगा भरल्या होत्या. शेजारच्या बाईने पदरातून उकडलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या. ओळख ना पाळख. "खा ना, काहून लाजता?" म्हणाली. खाल्ल्या.

नथ्थूजींचं घर गावाच्या टोकाला होतं. ओसरीवर भट्टी, भात्याचा आवाज, आणि आढ्याला टांगलेल्या नळ्या. माणूस आडवा, मिशाळ, छातीवरचे केस ठिणग्यांनी जळलेले. मी वर्तमानपत्र उलगडलं. त्यांनी ते हातात न घेताच म्हटलं, "पेन्सिल थरथरली तुमची. चोरून काढलं काय?"

माझे कान गरम झाले. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आल्या माणसाले पाणी त इचारा आधी!"

"देऊन राहिलो ना!" ते ओरडले आणि मला म्हणाले, "या चिमट्यासारखा चिमटा पुऱ्या नागपूर जिल्ह्यात कोणी करून दाखवावा, मी मिशी काढतो. कारखान्याच्या सायकलीले चकाकी असते, भाऊ. पाठ नसते."

मी म्हटलं, "मला हुबेहूब असाच पाहिजे. असाच, जमलं तर जरा याच्यापेक्षा चांगला."

"याच्यापरीस चांगला काहून?"

"असंच."

त्यांनी माझ्या सायकलीचं कॅरिअर दाबून पाहिलं. मग विचारलं, "मांगं कोण बसन?"

"मागे? कोणी नाही. मी एकटाच चालवणार."

"मंग हा कायले पाहिजे तुम्हाले?" ते म्हणाले. "हा एकट्याचा नाहीच."

मला वाटलं, फुशारकीचाच प्रकार असेल, भाव वाढवत असतील. मी हट्टाला पेटलो. ते उठले. त्यांची एक रीत होती, ती मी नंतर कुठेच पाहिली नाही. चिमटा बनवण्याआधी ते गिऱ्हाइकाला त्याच्या जुन्या सायकलीवर, पुढे जे ओझं न्यायचं असेल ते लादून, गावाबाहेरचं टेकाड चढायला लावत आणि स्वतः मागून चालत. चिमटा कुठे कण्हतो ते कानांनी ऐकत. माझ्याकडे ओझं नव्हतं, म्हणून ते स्वतःच माझ्या कॅरिअरवर दोन्हीकडे पाय टाकून बसले. "पाय मार गा!" म्हणाले.

असा जड माणूस मी आयुष्यात ओढलेला नाही. अर्ध्या टेकाडावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागून प्रवचन चालूच होतं. "खांदे नको हलवू. तो वसंता असाच हलवत होता पह्यल्यांदा. मंग म्हातारबुवानं मांगून सांगतलं, वसंता, हळू, घाई काय हाय. तवा कुठं जमलं त्याले."

मी पाय खाली टेकवले. "कोणते म्हातारबुवा?"

"त्याचे सासरे. नागपूरचे, पोस्टवाले. त्याइच्यासाठीच त हे सारं केलं. गुडघे गेले ना त्याइचे. समतल रस्त्यावर मैल-दोन मैल चालवते, चढ आला की खलास. पण रामटेक सुटत नाही जिवातून. मी म्हणलं, गादी लावून देतो कॅरिअरले. नको म्हणे, लोकाईले दिसन. घरून आपली सायकल घेऊन निघते, कामठी रोडच्या पानठेल्यावर ठेवते, आन् तिथून वसंताच्या मांगं. येतानी परत तिथून आपल्या सायकलवर घरी. घरात कोणाले पत्ता नाही." ते हसले. "मले म्हणे, मोठ्या जवायाले त बिलकुल कळू देऊ नका."

 घाम डोळ्यात गेला होता, तो पुसत राहिलो.

खरं सांगू? वाचणाऱ्याला वाटेल की तिथे माझी जळजळ निवाली असेल. उलट ती दुप्पट झाली. आतापर्यंत मला सायकलीचा हेवा वाटत होता. आता कळलं की म्हाताऱ्या माणसाने आपले गेलेले गुडघे दाखवायला कोणाला निवडलं आणि कोणापासून लपवले. वसंतरावांना ते ओझं म्हणून मिळाले आणि मी नुसता जावईच राहिलो. टेकाडावर बसून मला रडू आलं, आणि नथ्थूजींना वाटलं की दम लागला.

"करा," मी म्हटलं. "चिमटा करा. दोघांचाच करा."

त्यांनी दुपारभर नळीत वाळू ठासून भरली, म्हणजे वाकवताना चपटत नाही, आणि भट्टीत लाल करून वळण दिलं. पितळेने जोड घेतले. मधूनमधून "पाहा, पाहा, याले म्हणतात काम" असं स्वतःच म्हणत होते. आपल्या भावाच्या दुकानात आता कसे चिमटे होतात हे मी इतवारीत पाहिलं का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. मी "तिथं गेलो नाही" म्हटल्यावर चेहरा पडला. तेही माझ्यासारखेच जळणारे निघाले. रात्री त्यांच्या बायकोने डाळीचे गोळे घातलेला गोळाभात आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल वाढलं. मुक्काम ओसरीवरच केला. लॉजच्या खाटेचे पैसे फुकट गेले.

रविवारी सकाळी चिमटा बसवून झाला, वर तांबड्या रंगाचा एक हात. "वाळू द्या दिवसभर," ते म्हणाले. मला धीर नव्हता. पारशिवनीहून नागपूर सायकलने करायचं असेल तर थंडीत करा. फाट्यापर्यंतचा रस्ता हाडं खिळखिळी करतो. माझी झाली नाहीत. खड्डा यायचा आणि चिमटा तो गिळून टाकायचा. मत्सराने घेतलेली वस्तू इतकी चांगली निघावी याचाही राग आला.

कन्हानचा पूल याही वेळी इकडेतिकडे न पाहता ओलांडला, कामठी गेली, आणि नागपूर जवळ आल्यावर रस्त्याकडेच्या एका पानठेल्याला टेकलेली काळी सायकल दिसली. सीटवर निळ्या मखमलीचं कव्हर, मामींनी, म्हणजे सासूबाईंनी शिवलेलं. मी थांबलो.

"कोणाची आहे?"

"म्हातारबुवाची," पानवाला म्हणाला. "दर इतवारी ठेवते. येतीनच आता."

मी माझी सायकल शेजारी उभ्या असलेल्या ट्रकमागे नेली आणि तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने ते आले. वसंतराव वाकून, संथ पाय मारत होते. मागे मामाजी, डोक्याला मफलर, एक हात जावयाच्या पाठीवर. दुसऱ्या हातात सोललेलं संत्रं. एक फोड स्वतःच्या तोंडात टाकत होते आणि एक पुढे हात लांबवून वसंतरावांच्या तोंडात. वसंतराव न बघता तोंड उघडत होते. काहीतरी बोलून दोघेही हसत होते.

मला धावत जाऊन "मी आहे, मी आलोय" म्हणावंसं वाटलं. पण उतरताना मामाजींनी आधी रस्त्यावर दोन्हीकडे पाहून घेतलं, ते पाहिलं आणि मी ट्रकमागेच राहिलो. ते आपल्या काळ्या सायकलीवर चढले, थोडे डगमगले, मग ताठ झाले. वसंतराव जरा मागून चालले. दोघं दिसेनासे झाल्यावर मी एक पान खाल्लं. मी पान खात नाही.

बऱ्याच वेळाने घरी पोचलो. मामाजी अंगणात खुर्चीवर होते. "या, या, जवाईबापू! अचानक? कोणत्या गाडीनं आले?"

"सकाळच्या," मी म्हटलं.

"मी आत्ताच कन्हान करून आलो. वसंतराव होते संगं. दमले बिचारे. मी नाही दमलो."

"तुम्ही कशाला दमता," मी म्हटलं.

मग त्यांची नजर माझ्या सायकलीवर गेली. उठले, सावकाश जवळ आले आणि चिमट्यावरून बोट फिरवलं. बोटाला तांबडा रंग लागला. ते बोटाकडे पाहत राहिले. नथ्थूजींचं वळण ते ओळखणार नाहीत असं होणारच नव्हतं. आतून मामींच्या पोळ्यांचा वास येत होता. वसंतराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मांगं कोण बसन याच्या?" मामाजींनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही."

 त्यांनी धोतराच्या टोकाला बोट पुसलं. "नाही, जवाईबापू," ते म्हणाले. "तुमच्या मांगं नाही बसणार मी. तुमच्या बाजूनं चालवली हाय ना मी. ते तसंच राहू द्या." आणि आवाज चढवून आत म्हणाले, "अवं, जवाईबापू आले, काहीतरी गोड कर!"

संध्याकाळी वसंतराव मला स्टेशनवर पोचवायला आले. लगेजच्या खिडकीपाशी माझी सायकल टेकवली. मग म्हणाले, "भाऊजी, एक सांगू? रागावू नका. दर इतवारी मी पाय मारतो, आन् मांगून तुमचं पुराण चालू असते. अविनाश असा चढ चढायचा. अविनाशले कधी धाप नाही लागली. अविनाशसंग शर्यत लावली त पुलापर्यंत मी कधी हरलो नाही, पण त्यानंच जिंकू दिलं असन मले, म्हणते. गडावर पोचलो तवा मले शाबास नाही म्हणाले. तुम्ही असते त मजा आली असती, म्हणाले." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई जळतो मी तुमच्यावर."

गाडी आली म्हणून बरं झालं.

अकोल्याला निमाने दार उघडलं, माझ्या पँटीवरचा तांबडा डाग पाहिला आणि विचारलं, "ऑफिसचं काम झालं काय?" मी तिला सगळं सांगितलं, लॉजसकट. ती बाबांसाठी रडली. नंतर लॉजवरून चार दिवस बोलली नाही.

आता ती पॅसेंजर नाही, आमडी फाट्याला मोठा रस्ता झाला आहे, आणि पारशिवनीत नथ्थूजींची ओसरी विचारून सापडणार नाही. पण थंडीत जाणार असाल तर तुरीच्या शेंगा खा, गडावर सकाळी चढा आणि सासुरवाडी असेल तर तिथेच उतरा.

मामाजी त्यानंतर काही वर्षं वसंतरावांच्या मागे बसून रामटेक करत राहिले. घरात पुढे सगळ्यांना कळलं होतं, पण कोणी बोललं नाही. मी गेलो की ते काळी सायकल काढायचे आणि माझ्या बाजूने गल्लीच्या टोकापर्यंत चालवायचे. तेवढंच जमायचं. तिथे झाडाखाली उभे राहून अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवायचे.

माझा चिमटा अजून शाबूत आहे. त्या कॅरिअरवरून गहू गिरणीत गेले, गॅसची टाकी आली, दोन्ही मुली शाळेत गेल्या. तो एकदाही कण्हला नाही. वसंतराव आता साठीच्या पुढे गेलेत. भेटले की अजूनही तोच विषय काढतात, मामाजींनी तुमचं कौतुक केलं, माझं नाही केलं. मी ऐकून घेतो. ते सगळं कौतुक घ्या म्हणावंसं वाटतं, सगळं घ्या, फक्त कामठी रोडवरची एक सकाळ मला द्या, पाठीवर तो हात असलेली.